आष्टी : पाच कळा, दोन अक्षरे

१/ आष्टी म्हटले की इतिहासाच्या वाचकाला फेब्रुवारी १८१८ ची लढाई आणि सेनापती बापू गोखले आठवतात; कुणाला ऑगस्ट १९४२ मधली वर्धा जिल्ह्यातली आष्टी आठवते. हा धागा तिसऱ्या आष्टीचा, जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातल्या गावाचा. विषय एवढाच की त्या गावाचे नाव संगणकाच्या पडद्यावर नीट उमटण्यासाठी काय काय घडावे लागले.

२/ मुळात अडचण संगणकाच्या फार आधीची. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळी जोडाक्षरांसाठी वेगळे खिळे पाडावे लागत. इंग्रजीच्या मानाने देवनागरी जुळवणाऱ्यापुढे खिळ्यांचे कितीतरी अधिक खण असत. यंत्राला लिपी जड जात होती.

३/ तेव्हा लिपीनेच वाकावे, असा विचार पुढे आला. सावरकरांनी ‘अि, अु’ अशी अ-ची बाराखडी सुचवली. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती छापूनही दाखवली. १९५३ च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व इकाराची मात्रा व्यंजनाच्या उजवीकडे नेण्याचे ठरवले. डोळ्यांना ते रुचले नाही आणि निर्णय मागे घ्यावा लागला.

४/ संगणकाने प्रश्नाचे दोन भाग केले. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात आणि पुढे युनिकोडमध्ये अक्षराचा आकार साठवत नाहीत, उच्चाराचा क्रम साठवतात. म्हणून ‘आष्टी’ म्हणजे पाच चिन्हे : आ, ष, हलन्त, ट आणि दीर्घ ईकार. इनस्क्रिप्ट कळफलकावर कळाही पाचच. दिसायची मात्र दोन अक्षरे.

५/ पाचांची दोन करणे हे रेंडरिंगचे काम. खिडक्या, बटणे आणि मजकुराच्या चौकटी रेखाटणाऱ्या सुरुवातीच्या बहुतेक प्रणाली ‘एक चिन्ह, एक चित्र’ असे धरून चालत. त्यामुळे ‘ष्टी’ सुटे पडे आणि ऱ्हस्व इकार चुकीच्या बाजूला जाई. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक पुसला, तर डोंगरातली वाट समुद्रात जाते. ‘शेतकऱ्या’च्या डोक्यावरही नको तो रफार बसे.

६/ १९९९ मध्ये ‘पँगो’ हा मजकूर मांडणारा प्रकल्प सुरू झाला. नावात ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा. २००२ च्या जीटीके २.० ने तो स्वीकारला. पुढे आकार जुळवण्याचे काम ‘हार्फबझ’कडे आले, आज क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस त्याच्यावरच विसंबतात. याच वाटेवर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ फाँट रेड हॅटने सर्वांसाठी खुले केले.

७/ चित्र सुधारले, तरी कळ दाबल्यावर काय व्हावे हा प्रश्न उरला. प्रत्येक कळ ही प्रणालीसाठी एक ‘इव्हेंट’. तो रांगेत लागतो, साठ्यात चिन्ह भरतो किंवा पुसतो. मग बदललेला शब्द नव्याने जुळवून तेवढाच भाग पुन्हा रेखाटायचा. ‘ष’पुढे हलन्त आणि ‘ट’ आले की आधी काढलेला ‘ष’ मोडून ‘ष्ट’ घडवावा लागतो. चिन्ह आले की नुसते शेजारी चिकटवणारी प्रणाली इथे फसते.

८/ बाणाच्या कळेने ‘ष्टी’ एका उडीत ओलांडावी. बॅकस्पेसने मात्र आधी ईकारच जावा, म्हणजे एका चुकीसाठी सगळे अक्षर पुन्हा लिहावे लागत नाही. युनिकोडच्या जुन्या सर्वसाधारण नियमात हलन्तानंतर तुकडा पडे, म्हणून तोच पाळणाऱ्या प्रणालीत कर्सर जोडाक्षराच्या पोटात थांबू शके. देवनागरी जोडाक्षर अखंड धरणारा नियम त्यात आला तो २०२३ मध्ये, आवृत्ती १५.१ मध्ये.

९/ गंमत अशी की लखनौचा प्रस्ताव आता एका अर्थाने अमलात आहे. साठ्यात ऱ्हस्व इकार व्यंजनानंतरच येतो. पडद्यावर तो परंपरेप्रमाणे आधी दिसतो. सुधारकांचा क्रम यंत्राने पाळला आणि वाचकाचा डोळाही राखला.

१०/ इतिहासाच्या अभ्यासकाचा यात थेट संबंध आहे. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या असंख्य मराठी मजकुरांत अक्षरांऐवजी आकारांचे तुकडे साठवले आहेत. त्या फाइलींत ‘आष्टी’ शोधावी तर डोळ्यांसमोर असूनही ती सापडत नाही. उद्याच्या संशोधकाला परतूर तालुक्यातले हे गाव कागदपत्रांत सापडावे, यासाठी ते जुने साठे युनिकोडमध्ये आणण्याचे काम अजून व्हायचे आहे.