वाढप्याच्या हातातला पुरावा

पहिल्या प्रयोगात आमचा खून डाळीच्या वाफेत विरून गेला.

पुण्यात शिकत असताना दोन हिवाळे मी एका हॉटेलात ‘जेवता जेवता खून’ या खेळात कामं केली होती. तिकडे सगळं जेवणाच्या टप्प्यांवर बेतलेलं असतं. सूप येतं तेव्हा पात्रांची ओळख. वाट्या उचलल्या की दिवे जातात, किंकाळी ऐकू येते. मुख्य जेवण चालू असताना इन्स्पेक्टर एकेका टेबलाशी येऊन चौकशी करतो आणि आइस्क्रीमबरोबर उलगडा होतो. मी बहुतेक वेळा प्रेत असायचो. प्रेताला जेवण मिळायचं ते सगळे गेल्यावर, गार झालेलं. त्या कामाबद्दल माझी तेवढीच एक तक्रार होती.

पुढे सातपुड्यातल्या धडगावला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला आलो. फेब्रुवारीत बारावीच्या मुलांच्या निरोप समारंभाला काय करायचं, यावर चर्चा चालली होती. मी हौसेनं हा खेळ सुचवला. संहिता पुण्याचीच, नावं तेवढी बदललेली. मैदानात मांडव, समोरासमोर बसलेल्या रांगा, पत्रावळ्या, मुलं-पालक-शिक्षक मिळून शंभरेक माणसं. आणि तालमीत लक्षात न आलेली गोष्ट तिथे पहिल्या पाच मिनिटांत कळली, की पंगतीला टप्पे नसतात. भाकरी, उडदाची डाळ, भात, ठेचा सगळं एकदमच पानात पडतं. दिवसभर चालून आलेली माणसं मान खाली घालून जेवतात आणि वीस मिनिटांत पंगत उठते. आमची नायिका मध्येच जिवाच्या आकांतानं किंचाळली, तेव्हा दोघातिघांनी मान वर केली. एकानं तिला भाकरी हवी का, असं विचारलं.

ते हसण्यावारी नेता आलं असतं. पुढे जे झालं ते नेता आलं नाही.

मूळ संहितेत एक श्रीमंत मावशी होती, प्रेक्षकांची दिशाभूल करण्यापुरती. इथे शोभावी म्हणून मी तिची गावाबाहेर एकटी राहणारी, झाडपाल्याचं औषध देणारी म्हातारी केली. तिचा खुनाशी काडीचा संबंध नव्हता. शेवटी मी विचारलं, ‘‘खुनी कोण? हात वर करा.’’ म्हातारीच्या नावाला जवळजवळ सगळे हात वर गेले. का, असं विचारल्यावर कुणी पुरावा दिला नाही. ‘‘एकटी राहते ना सर,’’ एवढंच एक मुलगा म्हणाला. म्हातारीचं काम करणारी बारावीची मुलगी आधी हसत होती. मग हसायची थांबली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात येऊन ती म्हणाली, ‘‘सर, पुन्हा केलं तर मला दुसरं काम द्या.’’

दोष प्रेक्षकांचा नव्हता. म्हातारी माझ्या लेखणीतून आली होती. सातपुड्याच्या या पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, जीव घेतले गेले आहेत. एकट्या बाईची जमीन कुणाला तरी हवी असते, किंवा घरात लागोपाठ दोन मुलं दगावतात आणि कुणावर तरी बोट ठेवायचं असतं. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात 2013 साली आला. त्यात अमक्यानं करणी केली असा आळ घेणं हासुद्धा गुन्हा आहे. हे सगळं मला माहीत होतं. वर्गात मी त्यावर बोलतोही. तरीही खेळ लिहिताना मी अगदी तोच साचा उचलला होता.

त्याहून लाज वाटली ती दुसऱ्या कारणानं. कॉलेजात असताना मी तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये सुखात्मे वकील केला होता. 1967 सालचं ते नाटक म्हणजे वेळ घालवायला मांडलेला लुटुपुटूचा खटला, आणि बघता बघता त्यात बेणारेबाई खरोखरच सापडतात. काळा डगला घालून मी त्यांची उलटतपासणी महिनाभर घोकली होती. पण पाठांतर म्हणजे समज नव्हे, हे मला एका बारावीच्या मुलीकडून कळायचं होतं.

खुनाच्या खेळात प्रेक्षकाला उतरवण्याची युक्ती तशी जुनी. पॉल पोर्टनर यांनी 1963 साली एक जर्मन नाटक लिहिलं. केशकर्तनालयाच्या वरच्या मजल्यावर खून होतो, प्रेक्षक पात्रांना प्रश्न विचारतात, त्यांच्या खोट्या जबान्या पकडतात आणि प्रेक्षकांच्या कौलानुसार शेवट बदलतो. 1980 पासून बॉस्टनमध्ये त्याचा अमेरिकी अवतार वर्षानुवर्षं चालला. खुनी रोज वेगळा ठरू शकायचा, म्हणून लोक पुन्हा पुन्हा यायचे. पुण्यात मलाही ही कल्पना फार हुशारीची वाटायची. धडगावच्या त्या प्रयोगानंतर वाटेनाशी झाली. बहुमतानं खुनी ठरवायचा, ही गंमत ज्यांच्यावर तशी वेळ कधी आली नाही त्यांनीच करावी. मी हात वर करायला सांगणं कायमचं बंद केलं.

दुसरा प्रयोग मे महिन्यात झाला, एका पाड्यावर, आमच्याच एका विद्यार्थ्याच्या अंगणात. या वेळी संहिता पंगतीपासून सुरू केली. पंगतीत प्रत्येक माणसाशी वाकून बोलण्याचा अधिकार कुणाला असतो? वाढप्याला. मग सगळे नट वाढपी झाले. डाळवाला, भाकरीवाला, पाणीवाला. खून जेवणाआधीच उरकला. आमचूर विकत घेणारा व्यापारी सकाळी गोदामात मेलेला सापडतो, एवढं सांगून प्रेत मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवलं. मग वाढपी रांगांतून निघाले. डाळवाला पहिल्या रांगेला वाढता वाढता सांगत होता की काल रात्री अवकाळी पाऊस झाला. भाकरीवाला दुसऱ्या रांगेला सांगत होता की व्यापाऱ्याचा भागीदार काल शहाद्याला अडकला, शेवटची गाडी चुकली म्हणून, आणि सकाळी परतला. त्याच्या कैरीच्या फोडी म्हणे अंगणात तशाच पसरलेल्या होत्या. तिसऱ्या रांगेत पाणीवाला प्रत्येकाच्या पानात आमचुराची एकेक फोड ठेवत गेला, ‘‘भागीदाराच्या घरचा माल आहे, चाखून बघा’’ म्हणत.

कुठल्याच रांगेजवळ सगळं नव्हतं. जेवताना कुणी बोलत नाही हे आता आमच्या पथ्यावर पडलं. बोलणं सुरू झालं पंगत उठल्यावर, हात धुवायच्या पिंपाशी. पुण्यात जी चौकशी इन्स्पेक्टर करायचा ती इथे ओल्या हातांनी, मगाची वाट बघत, लोकांनी आपसात केली.

नटांना काही शिकवावं लागलं नाही. होळीत अंगभर ठिपके काढून, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून बुध्या झालेले लोक या मुलांनी लहानपणापासून पाहिलेत. अंगावरचं सोंग सांभाळत माणसांच्या गर्दीत फिरायचं, कुणी ओळखलं तरी मोडायचं नाही, हे त्यांच्या अंगात होतं. मीच त्यांना आधी रंगमंचावर उभं राहायला शिकवून बिघडवलं होतं.

माझ्या हिशेबानं कोडं सुटायला अर्धा तास लागणार होता. तिसऱ्या रांगेतल्या एका आजींनी पुढच्या रांगांतलं कानावर पडलेलं धरून ते जेवता जेवताच सोडवलं. त्यांनी फोड बोटांत धरली, उजेडाकडे केली आणि शेजारणीला पावरी बोलीत काहीतरी म्हणाल्या. दोघी खुदकन हसल्या. मी शेजारच्या मुलाकडे पाहिलं. ‘‘सर, त्या म्हणतात हा भिजलेलाच नाही.’’

या भागात उन्हाळा म्हणजे आमचूर. कैऱ्या उतरवायच्या, साली काढायच्या, फोडी करून खाटेवर, छपरावर, अंगणात वाळत घालायच्या आणि आभाळाकडे बघत बसायचं. एक सर आली तरी फोडी काळ्या पडतात, भाव पडतो. ढग आले की घरातलं लहान पोरसुद्धा धावत सुटतं. भागीदार रात्री शहाद्याला होता आणि पाऊस आला, तर अंगणातला त्याचा माल काळा पडायला हवा. पानातली फोड पिवळसर पांढरी होती. म्हणजे पाऊस आला तेव्हा ती कुणीतरी आत घेतली होती, आणि भागीदार घरी होता. हा पुरावा मी महिनाभर डोकं खाजवून शोधला होता. आजींना तो दिसायला एक घास लागला.

मी खूश होतोय तोच पिंपाशी उभ्या एका बाबांनी शंका काढली. ‘‘बायको नाही का त्याला? तिनं उचलला असेल.’’

मी गप्प. संहितेत बायकोचा विचारच नव्हता. भागीदार झालेला मुलगा प्रसंगावधानी, तो म्हणाला, ‘‘ती माहेरी गेलीय.’’ बाबांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. ‘‘मग ते आधी सांगायला हवं होतं. आता सांगून काय उपयोग?’’ लोक हसले, पण बाबांचं बरोबर होतं. तेव्हापासून ‘बायको आठवडाभर माहेरी, घरात दुसरं कुणी नाही’ हे वाक्य भाकरीवाल्याच्या तोंडी कायमचं गेलं. रहस्यकथा लिहिणाऱ्याला इतका कडक संपादक फुकटात मिळत नाही.

भागीदारानं कबुली दिली. पुण्यात इथे टाळ्या पडतात आणि लोक गाड्यांच्या चाव्या शोधू लागतात. इथे कुणी हललं नाही. मला वाटलं, संपलंय हे कळलं नसेल, म्हणून मी ‘‘धन्यवाद’’ म्हणालो. बाबांनी हातानंच मला थांबवलं. ‘‘मेलेल्याला पोरं किती?’’

आमच्याच तालुक्यातल्या अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत यात्रा भरते. तो डोंगर अश्वत्थाम्याचा. झोपलेल्या पोरांना रात्री कुणी मारलं हे तिथे शोधायचं नसतं. मारणारा कोण ते सगळ्यांना माहीत आहे. गोष्ट चालू राहते ती त्यानंतरची, कपाळावरची जखम घेऊन तेल मागत फिरणाऱ्याची. दरवर्षी माणसं ती दमछाक करणारी चढण चढतात, आणि मी मात्र खुनी सापडला की नाटक संपतं असं धरून चाललो होतो.

पोरं तीन, असं मी घाईनं ठरवलं. मग पाचसहा वडीलधारी माणसं भागीदाराला मध्ये घेऊन बसली. गोदाम कुणाचं, उधारी कुणाकडे किती, पोरांच्या शाळेचं काय, पोलिसांत कोण जाणार आणि त्याआधी घरच्यांना कोण सांगणार. त्या बिचाऱ्या मुलाचा बारावीचा निकाल लागायचा होता, तरी तो एका खुन्याच्या वतीनं तासभर घासाघीस करत होता, आणि चांगली करत होता. आजींनी मधूनच त्याला दटावलं. मी वही काढून लिहीत बसलो.

खांबाशी टेकवलेलं प्रेत तोवर उठून पानावर बसलं होतं, आणि दुसऱ्यांदा डाळ मागत होतं.