रूप आणि गोत

आपल्या समीक्षाव्यवहारात साम्याला फार लवकर पुराव्याचा मान मिळतो. दोन कृती सारख्या दिसल्या की एकीचा उगम दुसरीत शोधायचा, आणि दिसायला वेगळ्या असल्या की त्यांचा संबंधच नाही असे धरून चालायचे, ही सवय अध्यापनात तर विशेष मुरलेली असते. या सवयीला छेद देणारा एक दाखला आम्हांस साहित्याबाहेर, आणि तोही गोबरगॅसच्या टाकीत मिळाला. तो येथे मांडावासा वाटतो.

ऊस आणि गाईगुरे यांच्यावर जगणाऱ्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) गोबरगॅसचे अप्रूप कोणाला नाही. आमच्याही घरी त्याच निळ्या ज्योतीवर भाकरी भाजली जाई, आणि शेण कुजले की गॅस होतो एवढे ज्ञान आम्हांस पुरत असे. पुढे कळले की कुजवण्याचे बरेचसे काम जिवाणू करतात. पण शेवटची पायरी, म्हणजे मिथेन तयार करणे, ही आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांची असते. ते जिवाणूंसारखे दिसतात, आणि म्हणून दीर्घकाळ जिवाणूंतच मोजले गेले. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतील रायबोसोमच्या आरएनएची तुलना केली, तेव्हा हे मिथेनकर्ते जिवाणूंहून मुळातच निराळे निघाले. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, त्याचे कारणही खाऱ्या पाण्यात वाढणारे आर्कियाच होते, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले.

सगळेच आर्किया हालचाल करतात असे नाही. पण जे पोहतात, त्यांच्या अंगाला सूक्ष्मदर्शकाखाली बारीक शेपट्या दिसतात. जिवाणूंनाही अशाच शेपट्या असतात आणि दोहोंचे कामही एकच: गोल फिरून पेशीला पुढे ढकलणे. साहजिकच दोहोंना एकच नाव मिळाले, फ्लॅजेलम.

रचना तपासल्यावर मात्र चित्र पालटले. जिवाणूची शेपटी आतून पोकळ असते. तिचे प्रथिनकण त्या पोकळीतून प्रवास करीत टोकाशी पोहोचतात आणि शेपटी शेंड्याकडून वाढते. आर्कियाची शेपटी अधिक बारीक आणि आतून भरीव असते. तिचा प्रत्येक प्रथिनकण तयार होताना त्याच्या टोकाला एक छोटा तुकडा जोडलेला असतो; तो छाटला गेल्यावरच कण बुडाशी बसतो, आणि आधीची सारी शेपटी वर सरकते. म्हणजे ही वाढ मुळाकडून होते. बाहेरील पृष्ठावर शर्करेच्या साखळ्या जडवलेल्या असतात. फिरवणारी शक्तीही निराळी. जिवाणूची शेपटी पेशीत शिरणाऱ्या विद्युतभारित कणांच्या ओघावर फिरते, तर आर्कियाची एटीपी या इंधनावर. हे सारे ध्यानात घेऊन २०१२ मध्ये तिला आर्केलम हे स्वतंत्र नाव सुचवण्यात आले. सांडपाण्याच्या गाळातून मिळालेल्या मिथॅनोस्पिरिलम हंगाटाय या मिथेनकर्त्याच्या आर्केलमची बारीक रचना २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिनेही हे वेगळेपण दाखवले.

आम्हांस याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. आर्केलमचे खरे नातलग जिवाणूंच्याच अंगावर सापडतात, पण ते शेपट्यांत नव्हेत. ते आहेत चौथ्या प्रकारचे पिलस, म्हणजे पृष्ठभागाला चिकटण्यासाठी व खेचत सरकण्यासाठी वापरायचे, न फिरणारे तंतू. सारखे काम करणारे परके, आणि वेगळे काम करणारे सगोत्र! कार्यावरून केलेले वर्गीकरण येथे पूर्ण फसते. ते सुधारायचे तर प्रश्न एकच: ही वस्तू बांधली कशी जाते?

हाच प्रश्न नगरच्याच एका कवीविषयी विचारावा. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केले. ख्रिस्ती उपासनेत गाण्यासाठी पाश्चात्त्य चालींवरची भाषांतरित गीते आली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक पुढे नगरला राहिले. त्यांची पदेही त्याच प्रार्थनामंदिरांत गायली गेली आणि 'उपासना संगीता'त आजही आहेत. काम एक म्हणून नाव एक, ख्रिस्ती गीत. पण टिळकांचा अभंग कसा बांधला आहे ते पाहावे. सहा अक्षरांचे तीन चरण, चार अक्षरांचा चौथा, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक: ही बांधणी वारकऱ्यांची. आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक स्वतः मानीत. त्यांच्या 'ख्रिस्तायना'ची ओवीही याच मातीतली. ते काव्य अपुरे राहिले, १९१९ मध्ये टिळक गेले, आणि लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले.

ही तुलना फार ताणू नये, हे आम्ही जाणतो. सूक्ष्मजीवाला परंपरा निवडता येत नाही; टिळकांनी ती जाणीवपूर्वक निवडली, आणि तिच्यासाठी घरदार, जात, आप्त यांची किंमत मोजली. उलट या निवडीमुळेच आपली जबाबदारी वाढते. अभ्यासक्रमात टिळकांचे अभंग 'ख्रिस्ती साहित्य' या वेगळ्या कप्प्यात ठेवले की विद्यार्थी त्यांना भाषांतरित गीतांचे भाऊबंद समजतो, आणि तुकोबांच्या शेजारी ठेवून वाचण्याची संधी गमावतो. तोटा केवळ टिळकांचा होत नाही. अभंग ही रचना कोणकोणते काम पेलू शकते, परक्या श्रद्धेचे ओझे घेऊनही ती कशी चालते, हे मराठी वाचकाला कळत नाही. एका तासाला दोन्ही अभंग फळ्यावर शेजारी लिहावेत, अक्षरे मोजावीत, आणि मग कप्पे ठरवावेत.