शिट्टी न होणारं भांडं

जून मांसाला घाई चालत नाही. कोवळं बोकड तासाभरात शिजतं, त्यात कुणाचं कसब नाही. पण ज्या जनावरानं जन्मभर ओढकाम केलंय, त्याची मान, छाती, पाय शिजवायचे म्हणजे अख्खी रात्र घालवावी लागते. आमच्या घरात ‘मोठ्याचं’ शिजायचं ते असंच. ‘बीफ’ हा शब्द मी पहिल्यांदा पुण्याच्या कॅम्पात पाटीवर वाचला. त्याआधी आमच्यात मोठ्याचं आणि बारक्याचं एवढे दोनच शब्द. बारक्याचं म्हणजे शेळी-बोकडाचं. ते यात्रेला, नाहीतर जावई आला तर. मोठ्याचं स्वस्त, म्हणून ते आमचं.

आज्जीची रीत अशी. तीन दगडांची चूल, त्यावर मातीचं मडकं. दिवस मावळला की कांदा-लसूण तेलात परतायचा, हळद-मीठ लावून मांस टाकायचं आणि एक चांगली उकळी काढायची. मग जळण मागं ओढायचं. दोन शेण्या उभ्या लावायच्या, त्यावर राख सारायची. मडक्यावर परळ झाकायचा आणि परळात पाणी घालायचं, म्हणजे आतली वाफ परत आतच पडते. “आता झाकण काढाल तर हात मोडीन,” असं म्हणून ती पलीकडं कलंडायची. आम्ही पोरं वासानं जागी. पहाटे परळ निघायचा तेव्हा रश्श्यावर बोटभर तेलाचा थर आलेला असायचा आणि नळीतला गर आपोआप सुटलेला. वरून काळा मसाला, रस्सा पातळ वाटला तर भाजलेलं बाजरीचं पीठ. कालची शिळी भाकरी त्यात कुस्करायची. एवढं खाऊन माणूस दुपारपर्यंत खुरपणीला वाकायला मोकळा.

उरलेल्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून दोरीवर वाळत घालायच्या. त्या चान्या. पावसाळ्यात काम नसलं की त्यावर दिवस निघायचे. या चान्यांबद्दल कुणी कधी पुस्तकात लिहील असं मला वाटलं नव्हतं. पण पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रानं २००९ साली दलितांच्या जेवणाच्या आठवणींवर पुस्तक काढलं, आणि २०१५ साली शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं. ते मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीबद्दल आहे. ते वाचताना आमच्या घरातलं भांडं न् भांडं मला ओळखीचं लागलं.

पण मांस कुठून यायचं, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. वतनाच्या कामात गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणं हे आमच्या माणसांकडं होतं, आणि त्याचं मांस हीच त्या कामाची मजुरी धरली जायची. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. हे पोटाला पीळ देऊन सोडायचं होतं, कारण त्या बदल्यात ताटात दुसरं काही पडणार नव्हतं. आमच्या वस्तीनं ते सोडलं. मी जन्मलो तेव्हा आमच्या घरात खाटकाकडून पैसे देऊन घेतलेलंच मांस येत होतं. आज्जी हे मुद्दाम सांगायची. पाहुण्याच्या ताटात वाढताना म्हणायची, “इकत आणलंय बरं का.” त्या एका वाक्यात तिच्या पिढीची सगळी लढाई होती. मला ते फार उशिरा कळलं.

मी शेतकरी. तीस वर्षं माझ्या दावणीला बैल होते. पोळ्याला मी त्यांच्या शिंगांना हिंगूळ लावला, पुरणपोळी चारली. दावणीचा बैल आम्ही कधी खाल्ला नाही. म्हातारा झाला की चाकणच्या बाजारात न्यायचा. तिथं सगळ्या जातींचे शेतकरी म्हातारे बैल घेऊन उभे असायचे, आणि दात मोजून झाल्यावर तो बैल पुढं कुठं जाणार हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असायचं. आलेल्या पैशात भर घालून नवा गोऱ्हा यायचा. शेतीचं गणित असं चालायचं. विकणाऱ्याचं काही बिघडत नव्हतं, बाट लागायचा तो खाणाऱ्याला.

२०१५ च्या मार्चपासून राज्यात बैल आणि वळू कापायला बंदी आली. गाईची बंदी आधीपासून, १९७६ च्या कायद्यानं होतीच. २०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा धरणारं कलम काढून टाकलं. माझा शेवटचा बैल त्यानंतर चार वर्षं दावणीला उभा होता. कामाला निकामी, बाजारात गिऱ्हाईक नाही. वैरण मात्र धडधाकट बैलाएवढी. मेला तेव्हा जेसीबी बोलावून बांधाकडंला पुरला. मला वाईट वाटलंच, पण जेसीबीचं भाडं देताना मनात दुसरा हिशेबही चालू होता, तो लपवण्यात अर्थ नाही. त्यानंतर ट्रॅक्टर भाड्यानं घेतो. २०२१ साली आमचं गाव इतर बावीस गावांबरोबर पुणे महापालिकेत गेलं, आता दावण बांधायला जागाही उरली नाही.

म्हैस-रेड्याला ती बंदी नाही. आज पुण्यात बीफ म्हणून जे मिळतं ते त्यांचंच. रेडाही ओढकामाचाच, त्यामुळं शिजवायची रीत बदलत नाही.

आता त्या भांड्याकडं येतो. माझी लेक दवाखान्यात सिस्टर आहे. हडपसरच्या बाजूला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. बारा तासांची ड्युटी. भाच्यानं लंडनहून येताना तिला स्लो कुकर आणला. आत चिनीमातीचं जड भांडं, बाहेर विजेची शेगडी, वर काचेचं झाकण. बटणाला तीनच खुणा: मंद, जास्त आणि नुसतं गरम ठेवायचं. पिन तिकडची चौकोनी, तिला अडॅप्टर लावावा लागतो. मी म्हणालो, “हे आज्जीचंच मडकं आहे, फक्त राख नाही.”

ते खरंच तसं निघालं. हे भांडं अमेरिकेतल्या आयर्विंग नॅक्सन नावाच्या माणसानं काढलं, १९४० साली त्याला पेटंट मिळालं. त्याची आई लिथुआनियातली यहुदी. शब्बाथच्या दिवशी त्यांच्यात विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घरोघरची मडकी गावातल्या भट्टीवाल्याकडं जायची आणि भट्टीच्या उरलेल्या धगीवर रात्रभर शिजायची. आईनं सांगितलेल्या त्या मडक्यावरून त्याला हे सुचलं. १९७१ पासून ते ‘क्रॉक-पॉट’ नावानं बाजारात आलं आणि दिवसभर कामावर जाणाऱ्या बायकांनी उचलून धरलं. आपल्याकडची निहारीही त्याच जातीची. नहार म्हणजे सकाळ, रात्री चढवायची आणि सकाळी खायची. ज्यांच्या वाट्याला घट्ट मांस आणि थोडं जळण आलं, त्या सगळ्यांनी जगभर एकच युक्ती काढलेली दिसते.

युक्तीमागचं कारण लेकीनं मला सांगितलं. जे स्नायू जास्त राबतात त्यांत कोलॅजन नावाचा चिवट धागा जास्त असतो. जू मानेवर बसतं, भार पायावर येतो, म्हणून गर्दन आणि नळीचं मांस सगळ्यात चिवट. सत्तर अंशांच्या पुढं हा धागा हळूहळू विरघळतो आणि त्याचं जिलेटिन होतं. रस्सा ओठाला चिकटतो तो त्यामुळं. पुण्याच्या उंचीवर पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. स्लो कुकर त्याच्या आतबाहेर रेंगाळतो आणि आठ तास घेतो. प्रेशर कुकर एकशेवीसपर्यंत जातो, म्हणून पाऊण तासात काम करतो. पण त्यात मांसाचा बाहेरून भुगा होतो आणि आतला धागा कधी कधी तसाच राहतो.

लेकीच्या घरी आम्ही केलं ते असं. एक किलो मांस घेतलं, निम्मं गर्दनीचं, निम्मं नळीसकट. पाणी निथळून कढईत थोडं थोडं टाकून तांबूस होईपर्यंत परतलं. या भांड्यात मांसाला रंग येत नाही, तो आधीच आणावा लागतो. त्याच कढईत तीन कांदे, एक गड्डी लसूण, आलं, हळद आणि दोन चमचे काळा मसाला. भांड्याच्या तळाला बटाट्याच्या आणि गाजराच्या मोठ्या फोडी, कारण या मंद धगीत मांसाआधी कंदच कच्चे राहतात. त्यावर मांस, त्यावर मसाला, मीठ, आणि दोनच वाट्या गरम पाणी. वाफ बाहेर जात नाही, जास्त पाणी घातलं तर नुसतं सूप होतं. मंद खुणेवर आठ तास. झाकण काढायचं नाही; एकदा काढलं की गेलेली धग परत यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. शेवटच्या अर्ध्या तासात भाजलेलं बाजरीचं पीठ पाण्यात कालवून सोडलं. भांडं दोन-अडीचशे वॅटचं, म्हणजे आठ तासांना फार तर दोन युनिट. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. फ्रिजमधला बर्फ झालेला गोळा तसाच टाकायचा नाही. आणि राजमा करायचा तर आधी भिजवून, दहा मिनिटं खळखळ उकळून मगच या भांड्यात घालायचा. नुसत्या मंद धगीवर त्यातलं विष मरत नाही आणि ओकाऱ्या होतात.

लेकीला हे भांडं आवडायचं आणखी एक कारण होतं. ते तिनं एकदा सहज बोलताना सांगितलं. “आप्पा, याची शिट्टी होत नाही. मटणाच्या सात-आठ शिट्ट्या झाल्या की मजला मोजत बसतो.” घर देताना मालक तिला म्हणाला होता, “नॉनव्हेज चालेल, पण...” त्या ‘पण’च्या पुढं तो काही बोलला नव्हता. बोलायची गरजच नव्हती.

शिट्टी झाली नाही, पण वासाला कोण अडवणार? दुपारी तीनला तो जिन्यात उतरला. संध्याकाळी समोरच्या काकू दारात आल्या. चांगल्या बाई, लेकीला रात्रपाळी असली की तिचं दूध त्याच घेऊन ठेवतात. म्हणाल्या, “काय गं, काय छान वास सुटलाय! त्या लंडनच्या भांड्यातलं ना? मला रविवारी देशील का? छोले करून बघते.”

लेक गप्प झाली. ‘मटण केलंय’ एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं, आणि ते तसं खोटंही नव्हतं. मी आत पेपर धरून बसलो होतो. मला माझ्या लहानपणीची हाटेलं आठवली. आमच्यासाठी कान तुटलेला कप बाहेर खुंटीला वेगळा टांगलेला असायचा. भांड्यावरून माणूस मोजायची रीत आम्ही पोटभर सोसलेली. लेक काय म्हणते इकडं माझे कान.

ती म्हणाली, “काकू, देते की. पण यात मोठ्याचं शिजवलंय. म्हशीचं. घासून देईन, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं.”

काकू क्षणभर थांबल्या. “मग राहू दे गं,” म्हणाल्या, आणि गेल्या.

लेकीनं दार लावलं, ताटं घेतली. मी विचारलं, “कशाला सांगितलंस?” ती म्हणाली, “त्यांनी त्यात छोले केले असते, खाल्ले असते, आणि मग कधीतरी त्यांना कळलं असतं. तेव्हा मी त्यांना फसवलं असं झालं असतं. आणि विकत आणलंय, चोरून आणलं नाही.” शेवटचं वाक्य ऐकून मी तिच्याकडं बघतच राहिलो. आज्जी गेली तेव्हा ही पाळण्यात होती.

काकूंनी भांडं नेलं नाही. दूध घेऊन ठेवणंही सोडलं नाही. चार-सहा दिवस बोलणं जरा तुटक झालं, मग पूर्ववत सुरू झालं. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःचा कुकर मागवला आणि छोल्यांना किती तास लावायचे ते विचारायला त्या लेकीकडंच आल्या. यापेक्षा जास्त काही घडलं असं मी म्हणणार नाही. घडायला हवं होतं का, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाशी ठरवावं. माझ्यापुरतं सांगायचं तर कप वेगळा टांगणारी माणसं आम्हाला विचारत नव्हती आणि सांगतही नव्हती. इथं निदान एकीनं विचारलं आणि दुसरीनं खरं सांगितलं. चिवट धागा आहे, विरघळायला वेळ लागणार.

त्या रात्री आम्ही बापलेक जेवायला बसलो. भाकरी मी थापली, कारण बारा तासांच्या ड्युटीनंतर तिचे हात भरून येतात. नळी ताटावर आपटली की गर सुटून पडत होता. रस्सा ओठाला चिकटत होता.