आबांचा सदरा

आमचं गाव मूर्तिजापूरजवळ, अकोला जिल्ह्यात. मी पाच वर्षांची असताना ज्वारीच्या वावरात पहिल्यांदा बुजगावणं पाहिलं. तुराट्यांचे हात, डोक्याच्या जागी काळं मडकं, त्यावर चुन्याचे डोळे. आजी रात्री ज्याची भीती घालायची तो बागुलबुवा हाच, अशी माझी खात्रीच पटली. मी आबांच्या धोतराला बिलगले. आबा म्हणाले, "भेतं कायले वं माय? माहाच सदरा हाय थो." मग मडक्यावरची नजर खाली सदऱ्यावर आली. कोपरावरचं ठिगळ ओळखीचं होतं.

पुढं अमरावतीला बी.ए.ला इंग्रजी घेतलं. त्या वर्गात तोंड उघडायची मला धास्ती वाटे. वऱ्हाडी हेल लपता लपत नसे. एका उताऱ्यात 'बगबेअर' हा शब्द आला. बग म्हणजे किडा, बेअर म्हणजे अस्वल. माझ्या डोळ्यांपुढं मेळघाटातलं अस्वल उभं राहिलं, पण त्याला किडा कुठून चिकटला?

ग्रंथालयातला जाडजूड कोश उघडला. बग हा मुळात किडा नव्हताच. तो अर्थ सतराव्या शतकात आला. आधी बग म्हणजे भूत, बागुलबुवा. 1535 च्या कव्हरडेलच्या बायबलात रात्री भिववणारे 'बग' आहेत, म्हणून त्या प्रतीला 'बग बायबल' असंच नाव पडलं. अस्वलाच्या रूपातला, खोडकर पोरांना खाणारा बगबेअर सोळाव्या शतकाच्या अखेरीचा. आणि त्याही मागं, चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या बायबलात, बग म्हणजे भोपळ्याच्या वाडीत उभा केलेला चिंध्यांचा माणूस.

बुजगावणं! स्कॉटलंडात भुताला 'बोगल' म्हणतात आणि बटाट्याच्या शेतातल्या बुजगावण्याला 'टॅटी बोगल'. बोगल आणि बागुल यांचं नातं जोडायचा मोह मी आवरते. नुसत्या आवाजावरून सोयरिक ठरत नाही. पण त्या दुपारी कोशाच्या पानावर डोळे भरून आले. आबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

परवा गावी गेले. आता पाखरांपेक्षा रोही अन् रानडुकरांचा त्रास जास्त, म्हणून तुरीच्या वावराभोवती जुन्या साड्या बांधल्या आहेत. वाऱ्यानं फडफडणाऱ्या त्या रांगेत एक जांभळी होती, हिरव्या काठाची. मला अमरावतीच्या एसटीत बसवून द्यायला आली, तेव्हा माय हीच नेसली होती.