काहून?

रोवणी आटोपली की आमच्या गल्लीतल्या दुपारी लांबतात. शेजारच्या काकू सुपात तांदूळ घेऊन ओसरीवर बसतात, मोबाइल खांबाला टेकवतात आणि खुनाची गोष्ट लावतात. खऱ्या खुनाची. सांगणाऱ्याचा आवाज खाली उतरतो, मागचं संगीत थरथरतं आणि काकूंची खडे वेचणारी बोटं थांबतात. ‘कोनं मारलं असन वो तिले?’ त्या विचारतात. मीही हातातलं काम सोडून म्हणते, ‘नवऱ्यानंच, काकू.’ पुढच्या भागात अंदाज खरा निघाला की दोघींनाही बरं वाटतं.

या बरं वाटण्याचा मला अलीकडे त्रास होऊ लागला आहे.

गुन्ह्यांच्या गोष्टींची ओढ आम्हाला नवी नाही. माझ्या लहानपणी गोंदिया स्टेशनवरच्या स्टॉलवरून ‘मनोहर कहानियां’ घरी यायचं आणि गादीखालून सगळ्यांच्या हाती फिरायचं. आता तेच कानात आलं. ऐकणाऱ्यांत बायका जास्त, असं अमेरिकेतल्या पाहण्यांतही दिसलं आहे. मला त्याचं नवल वाटत नाही. भाग संपला की काकू उठतात आणि भर दुपारी मागच्या दाराची कडी पाहून येतात. गोष्टीतल्या बाईला कुठल्या वळणावर धोका कळायला हवा होता, हे आम्ही आमच्यासाठी ऐकत असतो. त्या भीतीला मी नावं ठेवणार नाही.

पण ऐकताना मेलेलं माणूस हळूहळू कोडं होऊन जातं. २०१४ साली अमेरिकेत ‘सीरियल’ हा पॉडकास्ट आला. हे मिन ली नावाच्या शाळकरी मुलीचा १९९९ मध्ये बाल्टिमोरला झालेला खून हा त्याचा विषय. तिच्या पूर्वीच्या प्रियकराला झालेली शिक्षा योग्य की अयोग्य, यावर जगभरचे लोक वाद घालू लागले. २०२२ मध्ये तिचा भाऊ न्यायालयात बोलला, की तुमच्यासाठी हा पॉडकास्ट असेल, माझ्यासाठी हे खरं आयुष्य आहे.

हे वाचलं आणि मला खैरलांजी आठवली.

नागपूरला जाताना तुमसर रोड स्टेशन लागतं. तिथून मोहाडी तालुका दूर नाही, आणि त्याच तालुक्यात हे गाव. १९९९ पर्यंत गोंदिया आणि भंडारा एकच जिल्हा होता, म्हणजे खैरलांजी आमच्याच घरातली. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी तिथे सुरेखा भोतमांगे, त्यांची १७ वर्षांची मुलगी प्रियंका आणि सुधीर, रोशन हे मुलगे अशा चौघांना जमावानं मारलं. सुरेखाबाईंचे पती भैयालाल तेवढे वाचले. या गोष्टीत ‘कोनं’ हा प्रश्नच नव्हता. सगळं गावात, गावासमोर घडलं. सुरेखाबाईंचा दोष एवढाच, की दलित असून त्या आपल्या शेतीसाठी ताठ उभ्या राहिल्या, आणि ओळखीच्या माणसाला मारहाण झाली तेव्हा मारणाऱ्यांना त्यांनी ओळखून दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं.

तीनच दिवसांनी दसरा होता. बाबासाहेबांच्या धर्मांतराला ५० वर्षं झाली म्हणून दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले होते. त्यांतल्या बहुतेकांपर्यंत ही बातमी पोचलीच नव्हती. सुरुवातीला जे छापून आलं, त्यात अनैतिक संबंधांचा वास होता. म्हणजे मारल्यानंतर त्या बाईची गोष्टही मारणाऱ्यांच्या सोयीनं सांगितली गेली, आणि ऐकणाऱ्यांनी ती काही काळ ऐकून घेतली. आम्हीही ऐकणारेच होतो. खरं बाहेर येऊन माणसं रस्त्यावर उतरायला नोव्हेंबर उजाडला.

२००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्ही न्यायालयांनी लागू मानला नाही. कुणी मारलं, ते ठरलं. का मारलं, याचं जे उत्तर सारा जिल्हा जाणत होता, ते निकालात आलं नाही. २० जानेवारी २०१७ ला भैयालाल गेले.

पॉडकास्ट आपल्याला ‘कोनं’ विचारायला शिकवतात. उत्तर मिळालं की जीव मोकळा होतो आणि बोट पुढच्या भागाकडे जातं. ‘काहून’, म्हणजे ‘का’, विचारलं की मात्र उत्तराची वाट आपल्या गल्लीतून, आपल्या घरातून जाते. कुणाच्या शेतीवर आपला डोळा आहे, कुणाच्या बोलण्यावर आपण हसतो, कुणाच्या दारावर गर्दी जमली तर आपण आपलं दार लावून घेतो, हे सगळं त्या वाटेवर भेटतं.

परवा दुपारी फोन बाजूला ठेवून मी काकूंना खैरलांजी सांगितली. संगीत नाही, पुढचा भाग नाही. सूप मांडीवर तसंच राहिलं. बऱ्याच वेळानं त्या एवढंच म्हणाल्या, ‘काहून?’

गोष्टी जरूर ऐका. संपल्यावर मारणाऱ्यापेक्षा मेलेल्या माणसाचं नाव लक्षात राहिलं का, एवढं स्वतःला विचारा. आणि आपल्या गावात एखादी बाई पाहिलेलं सांगायला उभी राहिली, तर दाराची कडी काढून तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहा.