रंग माझा, चिखल काकांचा

माझ्या पुस्तकांच्या कपाटात वरच्या फळीवर एक सेंच्युरियन रणगाडा उभा आहे. प्लॅस्टिकचा, तोफेसकट वीतभराहून थोडा लांब. घरी येणारे पाहुणे "रंग काय सुरेख दिलाय" म्हणतात, तेव्हा मी खुशाल मान डोलावतो, कारण रंग मीच दिला आहे. ज्याला थोडी नजर आहे तो मात्र रंगाबद्दल बोलत नाही. तो वाकून चाकांमधला चिखल बघतो आणि "हा कसा जमवलात?" म्हणून विचारतो. मग भिंगारच्या काकांचा विषय काढावाच लागतो.

काका रक्ताच्या नात्यातले नव्हेत. नगरच्या भिंगारमध्ये, आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. फौजेतून, तेही ईएमईतून, हवालदार होऊन निवृत्त झालेले. गाड्या, तोफा, रेडिओ बिघडले की दुरुस्त करणारी ही शाखा. काका त्यातही 'रिकव्हरी'वाले. रणगाडा खड्ड्यात गेला, नाल्यात रुतला, माळावर बंद पडला की तो ओढून आणायचा. "लढणारे लढून पुढं जायचे, आम्ही मागनं झाडलोट करत," असं ते स्वतःच्या नोकरीचं वर्णन करत. रणगाड्याला ते कधी रणगाडा म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडी कायम 'गाडी'.

नगरमध्ये वाढलेल्या पोराला रणगाड्याचं तसं अप्रूप नसतं. (अहिल्यानगर हे नाव आता आलं, माझ्या जिभेवर नगरच बसलंय.) आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथेच, खारे कर्जुन्याची के. के. रेंजही इथेच. रेंजवर गोळाबारी सुरू झाली की आमच्या मांडणीवरची भांडी वाजायची आणि आई हात न थांबवता म्हणायची, "आज मोठ्या आहेत वाटतं." तरीही रणगाडा आपण स्वतः जोडावा, ही कल्पना डोक्यात शिरली ती बोटीवर नोकरी करणाऱ्या मामामुळे. एका सुट्टीत त्याने माझ्यासाठी तामियाचा डबा आणला. तामिया ही जपानमधल्या शिझुओकाची कंपनी. डब्यात पॅटन होता, 1/35 प्रमाणातला.

या 1/35 चीही गंमत आहे. हा आकडा कुठल्या लष्करी नकाशातून आलेला नाही. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तामियाने जर्मन पँथर रणगाड्याचं चालतं मॉडेल काढलं. त्याच्या पोटात मोटार आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढं त्याचं माप ठरवलं, आणि मोजून बघितलं तर ते मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या जवळपास निघालं. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तेच प्रमाण उचललं. म्हणजे आज आम्ही मंडळी मिलिमीटरच्या अंशावरून वाद घालतो, त्या सगळ्याच्या मुळाशी टॉर्चच्या बॅटऱ्या आहेत.

तर, पॅटन. मी ओट्यावर बसून भाग कापत होतो आणि काका फाटकातून आत आले. डब्यावरचं चित्र त्यांनी दुरूनच ओळखलं.

"ही त्यांची गाडी तुला कुणी दिली रं?"

पॅटन अमेरिकन बनावटीचा खरा, पण नगरच्या फौजी माणसाला तो 1965च्या सप्टेंबरमध्ये पंजाबात समोर आलेला पाकिस्तानी रणगाडाच. खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या सैन्याने उसाच्या शेतांत पाणी सोडून दलदल केली, पॅटन त्यात अडकले आणि आपल्या सेंच्युरियनांनी ते टिपले. ओढून आणलेले पॅटन पुढे देशभर ठेवले गेले. एक नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्येही आहे. माझ्या डब्यातल्या पॅटनवर मात्र व्हिएतनाममधल्या अमेरिकन फौजेच्या खुणा होत्या. त्या काकांनी बाजूला सारल्या आणि पायरीवर बसकण मारली. त्या दिवसापासून माझं शिक्षण सुरू झालं.

काकांनी प्लॅस्टिकचं मॉडेल त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. चिकटवायचं, घासायचं, फटी भरायच्या, हे सगळं मी इकडून तिकडून उचललं. पातळ सिमेंट ब्रशने सांध्यावर टेकवलं की ते आपोआप फटीत ओढलं जातं, दोन्हीकडचं प्लॅस्टिक किंचित वितळवतं आणि जोड एकजीव होतो, हे अनुभवाने कळतं. तोफेची नळी दोन अर्धुकांची येते. तिच्यावरची सांध्याची रेघ पॉलिशपेपरने घालवावी लागते, आणि घासताना नळी गोलाची चपटी होऊ द्यायची नसते. भाग काढून झाल्यावर उरलेली चौकटीची काडी मेणबत्तीवर मऊ करून ताणली की केसासारखी एरियल निघते. यातलं काही काकांना ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की गाडी वापरली की कशी दिसते.

रंगाची बाटली उघडायच्या आधी त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, "गाडी कुठनं आली?" कोरड्या रस्त्याने आली की नाल्यातून? धुऊन किती दिवस झाले? गाडीतल्या चौघांपैकी कोण कुठून चढतो? याची उत्तरं मिळेपर्यंत ते मला ब्रश उचलू देत नसत. आता वॉश, ड्रायब्रश, चिपिंग अशी नावं सगळ्यांना पाठ असतात, बाटल्याही तयार मिळतात. पण रंग कुठे उडतो, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. काकांच्या बोलण्यात ते यायचं. ड्रायव्हरच्या झाकणाच्या कडेला रंग जातो, कारण तिथे बूट घासतात. इंजिनाच्या झाकणांच्या कोपऱ्यांना जातो, कारण ती सारखी उघडावी लागतात. टाकीच्या तोंडाजवळ पेट्रोल सांडतं, तिथे धूळ काळपट होऊन चिकटून बसते. जिथून रोज पाय जातात तिथली धूळ पुसली जाते आणि बाजूला जमते. उभ्या पत्र्यावर गंज चढवू पाहणाऱ्याला ते विचारत, "फौजेतली गाडी हाय का भंगारातली?"

इथे थोडा फाटा फोडतो. आपल्या गावोगावच्या चौकांत रणगाडे ठेवलेले असतात. त्यांना दरवर्षी चकचकीत हिरवा ऑइलपेंट मारतात, पट्ट्यांना चंदेरी आणि चाकांच्या रबराला काळाभोर. हेतू चांगला असतो, पण दिसतं ते जत्रेतलं खेळणं. असा रणगाडा दिसला की काका एसटीच्या खिडकीतून तोंड फिरवायचे.

पुढे शिक्षण, नोकरी, पुणे. मॉडेलं मागे पडली, मग परत आली. तैवानच्या एएफव्ही क्लब या कंपनीने 1/35 मध्ये सेंच्युरियन काढला, तो मी बाहेरून मागवला आणि डबा घेऊन थेट भिंगार गाठलं. काका आता थकले होते, पण डब्यावरचं चित्र बघून उठून बसले. ही त्यांची गाडी. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी बांधलेली. पहिले सहा नमुने 1945च्या मे महिन्यात युरोपात पोहोचले, तोवर लढाई संपली होती. वजन एकावन्न टनांच्या घरात. आत मिटिऑर इंजिन, बारा सिलिंडरचं, स्पिटफायर विमानातल्या मर्लिन इंजिनावरून केलेलं. "इमानाचं इंजन जमिनीवर चालवायचं म्हंजे प्यायला तेवढंच लागणार की," हे काकांचं त्यावरचं भाष्य.

सेंच्युरियन म्हटल्यावर मला साहजिकच पूना हॉर्स आठवली. 1817मध्ये पुण्यात उभी राहिलेली ही रेजिमेंट. 1965मध्ये तिचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर चाविंड्याच्या लढाईत पडले. 1971मध्ये 16 डिसेंबरला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आपल्या 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियनमध्ये लढता लढता गेले, वयाच्या एकविसाव्या वर्षी. दोघांनाही परमवीरचक्र. फामागुस्ता आज नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवलेली आहे. "काका, फामागुस्ताच करू या," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली. "साहेबाच्या गाडीला माझा हात लागलेला नाय. जी मी वढली, ती कर."

मग त्यांनी त्या गाडीची हकिगत सांगितली. एकाहत्तर साल, शकरगड भागातली लढाई आटोपलेली, आणि नाल्याच्या काठी एक सेंच्युरियन पोटापर्यंत बसलेली. रेजिमेंट कुठली, नंबर काय, ते त्यांना आठवत नव्हतं. चिखल मात्र जसाच्या तसा आठवत होता.

मी कामाला लागलो. तोफेच्या बुडाशी खऱ्या गाडीला कॅनव्हासचं आवरण असतं, ते मी टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून केलं. बुरुज ओतीव पोलादाचा, म्हणून त्याचा पृष्ठभाग खरखरीत हवा. पातळ केलेली पुट्टी आखूड केसांच्या ब्रशने ठोकत नेली की तो उतरतो. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंच्या मिळून दोनशेवर कड्या. त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही, ज्याने त्या जोडल्यात त्याला सांगायची गरज नाही. ओढायची वायर काकांनी स्वतः वळून दिली, जळालेल्या मोटारीच्या कॉइलमधल्या तांब्याच्या तारांची. बोटं थरथरत होती, पण पीळ एकसारखा पडला.

आपल्या फौजेच्या खुणा कुठल्याच डब्यात नव्हत्या. म्हणून आमच्या ओळखीच्या नंबरप्लेट रंगवणाऱ्या पेंटरकडे गेलो. आयुष्यभर ट्रकच्या मागे मोर आणि कमळं काढलेला तो माणूस. त्याने भिंग न लावता, शून्य नंबरच्या ब्रशने, नखाएवढ्या जागेत पांढरे आकडे असे काढले की मी बघतच राहिलो. पैसे घेतले नाहीत.

आणि काकांनी ते आकडे चिखलाने झाकायला लावले.

"गाडी पोटापातुर रुतली, मग नंबर कसा दिसंल?" त्यांचं बरोबर होतं. पेंटर पुढे कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

चिखलासाठी प्लास्टर, गाळलेली माती, फेव्हिकॉल आणि रंग. अंगणातली माती मी चाळून ठेवली होती, ती काकांनी परत पाठवली. ही नगरची काळी. तिकडची गाळाची, फिकट, पिवळसर राखाडी. मग वाळू आणि पोस्टर कलर मिसळत त्यांच्या डोळ्यांदेखत रंग जुळवला. ते खाटेवर, मी खाली सतरंजीवर. "चाकाच्या मागं भर. अजून. तिथनं तो निघतच नाय, सळईनं खरवडावा लागतो." पट्टा मागून वर जाताना चिखल घेऊन जातो आणि मागच्या मडगार्डवर टाकतो, तिथे ढेकळं. पोटाच्या उंचीवर सरळ आडवी रेघ, तिच्याखाली ओला, गडद, जरा चमक असलेला थर. वर वाळून फिकट झालेला. आणि मग एक गोष्ट, जी मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नसती: रुतलेली गाडी ओढून बाहेर काढली की पोट काठावर घासतं आणि पुढच्या तिरक्या पत्र्याच्या खालच्या भागावरचा चिखल ओढीच्या दिशेने सपाट पुसला जातो. तिथे रंग दिसतो, खाली-वर चिखल. पुढच्या हुकांवर वायरने घासलेलं लख्ख लोखंड. तेवढं एक ठिकाण त्यांनी स्वतःच्या हाताने, पेन्सिलीचं शिस घासून केलं.

काम झालं तेव्हा त्यांनी गाडी उजेडात धरली, फिरवून बघितली आणि म्हणाले, "हां. हीच." मॉडेलांच्या स्पर्धांत मला पुढे काही बक्षिसं मिळाली, त्यांतल्या एकाचाही एवढा आनंद झालेला नाही.

काका गेल्यावर काकूंनी त्यांची ट्रंक उघडली. आत एकच जुना फोटो होता. सेंच्युरियनसमोर उभे चार तरुण, त्यातले एक काका. गाडीचा नंबर अर्धा दिसतो. बाकीचे तिघे कोण, जागा कुठली, साल कोणतं, काही कळायला मार्ग नाही; फोटोची मागची बाजू कोरी. ब्रिटिश, इस्रायली, ऑस्ट्रेलियन सेंच्युरियनांवर जाडजूड पुस्तकं निघालीत, पट्ट्याच्या कडीकडीचे फोटो आहेत. आपल्या सेंच्युरियनांचे फोटो मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळाले, तेही धूसर. माझ्यासारख्यांना खरा आधार असतो तो काकांसारख्यांच्या आठवणीचा.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात किंवा शेजारी फौजेतून निवृत्त झालेलं कोणी असेल, मेकॅनिक असो, ड्रायव्हर असो, स्वयंपाकी असो, तर त्यांच्या ट्रंकेतले जुने फोटो त्यांच्यासमोर बसून बघा. नावं, ठिकाण, साल, गाडी कोणती, सगळं विचारा आणि फोटोच्या मागे लिहून ठेवा. लिहिताना मऊ पेन्सिल वापरा, पेन नको. शाई काही वर्षांनी पुढच्या बाजूला उमटते.