रंगाखालचा नंबर

मागच्या उन्हाळ्यात पारोळ्याचा एक पोरगा राजदूत ३५० घेऊन माझ्या एरंडोलच्या गॅरेजवर आला. चकाचक रंग, नवं क्रोम. "दादा, ओरिजनल आहे ना? उद्या पैसे द्यायचे आहेत."

यामाहाच्या आरडी ३५० वरून फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने १९८३ साली काढलेली ही गाडी. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. आधीच्या एचटीला, म्हणजे हाय टॉर्कला, ३०.५ हॉर्सपॉवर, नंतरच्या एलटीला, म्हणजे लो टॉर्कला, २७. एचटीला भाव जास्त, म्हणून एचटी सांगून एलटी विकणारेही भेटतात. पण ते नंतरचं. मी आधी चेसिसच्या मानेवरचा नंबर बघतो.

थिनरचा बोळा फिरवला, बॅटरीचा उजेड तिरपा धरला. रंगाचे तीन थर निघाले. नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. सुरुवातीचे अंक स्वच्छ उमटले. शेवटचे दोन कुठे खोल, कुठे उथळ. त्या काळचे ठसेही काटेकोर सरळ नसायचे, त्यामुळे वाकड्या अंकावरून मी कुणावर आळ घेत नाही. पण त्या दोन अंकांखालचं लोखंड बोटाला खोलगट लागलं, आणि कानशीचे ओरखडे नखाला अडकले.

आरसी बुकात गाडी १९८४ ची, नोंदणीचा नंबर मात्र एमएच १९ चा. एमएच ही अक्षरं १९८९ साली आली. त्याआधी एम पासून सुरू होणारी तीन अक्षरं असायची. म्हणजे गाडीची नोंदणी पुन्हा झालेली. ती कुठून आणि का झाली, हे विकणाऱ्याला सांगता येईना.

फेरारीचा मालक असता तर इटलीतल्या कारखान्याने आपली जुनी दप्तरं काढून दाखला दिला असता. त्यासाठी २००६ पासून तिथे वेगळा विभागच आहे. आमच्या गाड्यांना लोखंड आणि कागद, एवढेच साक्षीदार.

कार्बोरेटर, सायलेन्सर बदललेले असले तर मला काही वाटत नाही. इतकी वर्षं चाललेल्या गाडीत ते बदलणारच, फक्त उघड सांगावं. चेसिसचा नंबर घासणं ही वेगळी गोष्ट आहे. इंजिन चांगलं असूनही मी त्याला म्हटलं, "भाऊ, घेऊ नको."

२०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पहिल्या राजदूत ३५० ला २०३३ साली पन्नास होतील. तुमच्या घरी एखादी असेल, तर रंगाऱ्याकडे नेण्याआधी मानेवरच्या नंबराचा पेन्सिलीने ठसा घ्या आणि तो आरसी बुकात जपून ठेवा.